पडद्याखालच्या ओळी

"डब्बा नंतर. आधी तुमची बसाची जागा दाखवा."

टीव्हीला जोडायचा प्लेयर मागायला कोणीही दुकानाची पायरी चढलं की चाचांचं हे पहिलं वाक्य. नवख्या माणसाला वाटायचं, आपण चुकून सोफ्याच्या दुकानात शिरलो की काय. मागे काचेच्या कपाटात चार-पाच तऱ्हेचे डबे मांडलेले, आणि हा माणूस कपाटाला पाठ लावून उभा. कोणी ते विकत नेऊ नयेत म्हणून पहाऱ्याला बसवल्यासारखा.

तुमच्याही गावात असेल असा एखादा दुकानदार, ज्याच्याकडून वस्तू घ्यायची तर आधी त्याच्या परीक्षेला बसावं लागतं. आमच्या मंगरूळपीरचा हा. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान. पाटीवर नाव होतं, पण ते वाचायची गरज कोणाला पडली नाही. सगळ्या गावाचे ते चाचा. माझ्या सासूबाई त्यांच्याहून वयानं मोठ्या, त्याही चाचाच म्हणायच्या, आणि चाचा त्यांना माजी म्हणायचे. हे नातं कसं लागतं ते दोघांनाही कधी विचारू नये.

उंच, वाळकी अंगकाठी. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. ओठ झाकून टाकणाऱ्या भरघोस पांढऱ्या मिशा. आवाज असा की बसस्टँडवर उभे राहून नुसतं "रिसोड, रिसोड" ओरडले असते तर गाडी भरली असती. आणि बोलायचे किती! रिमोटमध्ये सेल टाकायला गेलेला माणूस सेल टाकून, चहा पिऊन, आपल्या घरचं भांडण सांगून परत यायचा.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे हे प्रकरण कसं सुरू झालं ते कळेल.

आमच्या ह्यांना चित्रफिती जमवायचा भारी नाद. सिनेमे, विनोदी कार्यक्रम, नाटकं, आणि दोन्ही घरांकडच्या झाडून साऱ्या लग्नांचे व्हिडिओ, सगळं एका हार्ड डिस्कमध्ये ठासून भरलेलं. ते आम्ही लॅपटॉपची तार टीव्हीला लावून पाहायचो. तारेला कोणाचा पाय लागला की चित्र गायब. मग हे टीव्हीमागे वाकून, "आता आलं? आता आलं?" असं ओरडत राहायचे आणि सासूबाई "अजून नाई, अजून नाई" म्हणत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. तेव्हा ठरलं, एक चांगला प्लेयर घ्यायचा. हार्ड डिस्क लावली की थेट टीव्हीवर दिसलं पाहिजे.

झालं! ह्यांनी मोबाईलवर अभ्यास सुरू केला. जेवताना भाकरीसोबत फोर के, भाजीसोबत रॅम. एक डबा पसंत पडला की दुसऱ्या दिवशी त्याच्यात खोट निघायची. मुलगी पाहायला गेले होते तेव्हा सुद्धा माणसानं इतका विचार केला नव्हता, हे मी स्वतः सांगते. शेवटी मीच म्हटलं, "अहो, हे पुरे झालं. चाचांकडे जा आणि काय ते घेऊन या."

मीही सोबत गेले. हे म्हणाले, "चाचा, फोर केवाला दाखवा."

"टीव्ही कवाचा हाये?"

"असेल... सानू रांगत होती तेव्हाचा."

"मंग त्याले फोर के कायले? म्हाताऱ्या बैलाले घुंगरू बांधून शंकरपटाच्या शर्यतीत उतरवता काय?" चाचांनी कपाटाला कुलूपच लावलं. "डब्बा नंतर. आधी बसाची जागा दाखवा. रविवारी येतो."

रविवारी दुपारी आले. हातात पिशवी, पिशवीत तीन डबे. चहा मागितला तो साखर घालूनच. "डॉक्टरले कोन सांगून राह्यलं?" असं वर म्हणाले. आणि मग कामाला लागले. त्यांचं काम म्हणजे बसणं. घरातला प्रत्येक जण टीव्ही पाहताना जिथं बसतो तिथं स्वतः बसून पाहायचं, ही त्यांची पद्धत. त्याशिवाय डबा विकायचे नाहीत.

आधी ह्यांच्या खुर्चीत बसले. मग सासूबाईंच्या दिवाणावर चक्क आडवे झाले. "माजी, तुमी लवंडून पाह्यता. रिमोट पोटावर ठेवता. म्हनजे मोठ्या बटनाचा पाह्यजे, अंधारात बोटाले समजनारा." सासूबाई खूश. इतकी वर्षं घरात राहून त्यांच्या पोटाचा विचार असा कोणी केला नव्हता.

"अन् तू कोठी बसतं, बेटा?"

मी म्हटलं, "मला कुठली जागा? मी भाकरी टाकता टाकता दारातून पाहते."

"तुले प्लेयर नाई पाह्यजे. तुले भाकरी टाकनारा नवरा पाह्यजे." हे चहाच्या घोटाला ठसकले.

मग चाचांचं लक्ष सानूकडे गेलं. "हे पोरगी कोठी बसते?"

सानू आमची मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाचं मशीन आहे, पण त्यातून ढोल पोहोचतो, फटाका पोहोचतो, बोलणं पोहोचत नाही. समोर तोंड करून सावकाश बोललं तर ओठांवरून तिला कळतं. बोलते थोडं, पण ते घरच्यांनाच समजतं. मी शेलूबाजारजवळच्या शाळेत शिकवते. रोज जीपनं मी तिला सोबत न्यायची. वाचायला मात्र अशी तयार झाली होती की दुकानांच्या पाट्या, औषधाच्या पुड्या, चिवड्याच्या पाकिटाची मागची बाजू, काही सोडायची नाही.

तिची जागा होती टीव्हीच्या बरोबर खाली. भिंतीशी एक पाट ठेवलेला असायचा, त्यावर ती आमच्याकडे तोंड करून बसायची.

"म्हनजे टीव्हीकडं पाठ?" चाचांनी विचारलं.

"सवयच आहे तिची," हे म्हणाले.

"तिले आपले थोबाडं पाहाले आवडते, बापा," सासूबाई म्हणाल्या.

चाचा दिवाणावरून उठले. गुडघे कडकड वाजवत खाली बसले, त्या पाटावर, सानूच्या शेजारी, टीव्हीकडे पाठ करून. "लावा काई तरी. हासाचं लावा."

ह्यांनी विनोदी कार्यक्रम लावला. थोड्या वेळात आम्ही रमलो, चाचा समोर बसलेत हे विसरूनही गेलो. सासूबाई तर पोट धरून हसत होत्या. मध्येच माझी नजर खाली गेली. चाचा दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून बसले होते आणि आमच्या तोंडांकडे टक लावून पाहत होते. आम्ही हसलो की ते हसत होते. अगदी जरासं मागून. सानूसुद्धा तस्संच.

"बंद करा," चाचा म्हणाले. तिन्ही डबे पिशवीत भरले. सानूच्या डोक्यावर हात ठेवला. "आज नाई. नंतर येतो." आणि उरलेला चहा तसाच ठेवून गेले.

ते गेल्यावर मी सानूला जवळ घेतलं आणि ओठ नीट दिसतील असं विचारलं, "तू आमच्याकडे तोंड करून का बसतेस गं?"

ती म्हणाली, "केव्हा हसायचं ते कळतं."

घरात टीव्ही लागला की ती हातानं विचारायची, काय झालं? आणि आमच्यापैकी कोणी ना कोणी म्हणायचं, नंतर सांगते. नंतर सांगितलेला विनोद कसला लागतो? शिळ्या चहासारखा. पण ती समजूतदार पोर, तोही हसून घ्यायची. त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. घर चार माणसांचं, आणि त्यात एकटी पडलेली माझी पोर.

आठवडाभरानं चाचा परत आले. पिशवीत पुन्हा तीन डबे, पण वेगळे. सोबत एक पेन ड्राइव्ह. सासूबाईंकडे पाहिलं नाही, ह्यांच्याकडे पाहिलं नाही. सानूचा पाट उचलला, टीव्हीसमोर ठेवला आणि तिला तिथं बसवलं. "गिऱ्हाईक हे हाये. तुमी तिघं गुमान बसा."

पहिला डबा जोडला. पडद्यावर एक माणूस बोलत होता आणि त्याच्या खाली ओळ उमटली. पण ओळ कसली, नुसते रिकामे चौकोन. "याले मराठी येत नाई. याले परत कपाटात," चाचा म्हणाले. दुसऱ्या डब्यानं अक्षरं दाखवली, पण जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडे. सानू उठली, टीव्हीजवळ गेली आणि काचेवर बोटानं फुल्या मारू लागली. मास्तरणीची लेक ना! चाचा इतके हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला आणि दोन चष्मे एकावर एक झाले. "नापास. हे बी नापास."

तिसरा डबा साबणाच्या वडीएवढा, काळा, दिसायला अगदी गरीब. रिमोट मोठ्या बटणांचा. त्यानं ओळ उमटवली ती स्वच्छ, मोठ्या अक्षरांत, वेलांटी जिथल्या तिथं. सानूनं ती वाचली. मग दुसरी वाचली. मागे वळून आमच्याकडे पाहिलंच नाही.

पेन ड्राइव्हवर काय होतं सांगू? माझ्या भावाच्या लग्नाचा व्हिडिओ. ह्यांच्याकडून चाचा तो मधल्या दिवसांत घेऊन गेले होते. आम्हाला वाटलं, डब्यावर चालतो का ते पाहायला नेला असेल. आणि या माणसानं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून, एका बोटानं, त्या लग्नातलं जो जो जे जे बोलला ते सगळं टाइप केलं होतं. कोणती ओळ केव्हा यावी, केव्हा जावी, तेही बसवलं होतं.

सगळं म्हणजे सगळं. तिथंच तर घोटाळा झाला.

लग्न धनजला, माझ्या माहेरच्या अंगणात होतं. आम्ही तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला होता की कोण केव्हा नाचतं हे पाठ. त्यामुळे खालच्या ओळी कोण वाचतो? आम्ही आपले नाच पाहत होतो. एकदम सानू मोठ्यानं हसली. तिला स्वतःचं हसू ऐकू येत नाही, म्हणून ते चांगलं खणखणीत असतं. आम्ही तिघं चमकून तिच्या तोंडाकडे पाहू लागलो. काय झालं? मी हातानं विचारलं. तिनं आजीकडे बोट दाखवलं आणि रिमोटनं व्हिडिओ मागे नेला.

पडद्यावर कोपऱ्यात सासूबाई एका बाईच्या कानाला लागलेल्या. समोर बँड दणाणत होता, म्हणून त्यांचं बोलणं आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं. कॅमेऱ्यानं मात्र ते पकडलं होतं, आणि चाचांनी कॅमेऱ्याकडून ते वदवून घेतलं होतं. खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, "सगळं बरं हाये, पन इहीनबाई बट्टीवर तूप थेंबानं वाढून राह्यल्या."

इहीनबाई म्हणजे माझी आई!

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चाचांकडे पाहिलं. "हे कोनं लिवलं?"

"बोल्ल्या तुमी, माजी. म्या फकत लिवलं."

"खोडून टाका ते."

"नाई खोडत."

"काहून नाई खोडत? माह्या घरात बसून माही इज्जत काढता?"

चाचांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माजी, पोरीले का फकत चांगलं चांगलंच सांगाचं? घरातले टोमने, भांडनं, कुजबुज, ते तिच्या वाट्याले नाई? मंग ते पाव्हनी झाली या घरची."

सासूबाई दिवाणावर मागे टेकल्या. सानू दिवाणावर चढून त्यांच्या कुशीत शिरली आणि दोन बोटांच्या चिमटीतून तुपाचा एक-एक थेंब सोडल्यासारखं करून दाखवू लागली. आजी नुसती लाड करणारी नाही, चांगली तिखट जिभेची आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. तिला आजी जास्तच आवडायला लागली. मी मात्र दोन दिवस सासूबाईंच्या पोळीवर तूप मोजून थेंबच सोडलं. तिसऱ्या दिवशी दोघीही हसलो.

तेव्हापासून शुक्रवारी नमाज आटोपली की चाचा आमच्याकडे येऊ लागले, खिशात पेन ड्राइव्ह. टाइप करायचं काय घ्याल, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "ज्वारीची भाकर, ठेचा, अन् माजीनं मले शिव्या नाई द्याच्या." पहिल्या दोन गोष्टी मिळत राहिल्या.

त्यांच्या ओळींत नुसतं बोलणं नसायचं. कंसात आवाजही असायचे. (कुकरची शिट्टी.) (लांब कुठंतरी ट्रॅक्टर.) (कोणीतरी शिंकलं, बहुतेक नवरदेव.) (पंखा कुरकुरतो, तेल मागतो.) हे वाचून सानू माझ्याकडे धावत आली. "पंखा आवाज करतो?" म्हटलं, करतो. मग तिनं सारं घर विचारून काढलं. झाडू करतो? भाकरी करते? आंघोळीचं पाणी? सावली? सावली करत नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं, निदान एक तरी गोष्ट आमच्यासाठीही गप्प आहे.

पण चाचांना कंस मिळाला की आपली मतंही त्यात घालायची खोड. एखाद्या सिनेमात खलनायक गोड बोलू लागला की खाली यायचं, (याच्यावर भरोसा ठेवू नको, बेटा.) मी एकदा चिडून म्हटलं, "चाचा, लिहिणाऱ्यानं मध्ये बोलू नये."

"काहून? मी बी त पाहूनच राह्यलो तिच्यासंगं."



दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं. एकदा मी स्वतः पाहिलं, एक बाप्या लग्नाच्या आहेराला टीव्ही घ्यायला आलेला, बाहेर जीप घुरघुरत उभी, आणि चाचा हेडफोन लावून एका बोटानं कळा शोधताहेत. "थांबा. पोरीचं वाक्य अर्धं हाये." आधी लोक कुरकुरले. मग ज्याच्या-त्याच्या तोंडी ते वाक्य झालं. पुढं पुढं तर गिऱ्हाईकच मदत करू लागलं. हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावून म्हणायचं, "नाई चाचा, थो 'जातो' नाई म्हनून राह्यला, 'येतो' म्हनून राह्यला."

हा उद्योग यांना सुचला कसा, याचं मला नवल वाटायचं. सासूबाईंना मात्र वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, चाचा तरणे होते तेव्हा व्हीसीआर आणि टीव्ही भाड्यानं खेड्यापाड्यांत न्यायचे. इंग्रजी मारामारीचा पिक्चर लागला की लोकांना काही समजायचं नाही, तर हे टीव्हीशेजारी उभे राहून सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगायचे. गोरा पोलीस गोऱ्या चोराला म्हणायचा, "काहून बे, कोठी पयतं?" सासूबाई म्हणाल्या, "पिच्चर काई ध्यानात नाई. चाचाच ध्यानात हाये."

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. सानूला चाचांचं बोलणं ओठांवरून कधीच कळायचं नाही, त्या मिशांमुळे. ती माझ्याकडे पाहायची आणि मी सांगायची. एका शुक्रवारी दारात एक माणूस उभा. मी ओळखलंच नाही. वरचा ओठ सफाचट, तोंड एकदम उघडं पडलेलं, लहान मुलासारखं. सासूबाई ओरडल्या, "आगं माय, हे काय करून बसले?" चाचा लाजले. तो माणूस लाजताना मी तेवढा एकदाच पाहिला. सानूसमोर बसले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आता. समजते. का?"

सानू म्हणाली, "समजते. पण तुम्ही वाईट दिसता."

तिचे शब्द मी त्यांना सांगायला गेले, तर हात वर करून मला थांबवलं. "मले समजलं." आणि हसत सुटले.

लोक विचारतात, घरी टीव्हीसाठी कोणता प्लेयर घ्यावा? मला अजूनही त्यातलं फार कळत नाही. एवढं कळतं की आमच्या घरात जो आला त्यानं माझ्या पोरीला तिचं घर दिलं, आणि तो निवडणाऱ्या माणसाचे उपकार फिटणारे नाहीत. हे मी चाचांना एकदा सांगायला गेले होते. पदर डोळ्याला लावून चांगली तयारीनं गेले. ते म्हणाले, "ठेच्यात मीठ कमी होतं काल," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. सकाळी दुकान उघडलं, कपाट पुसलं, छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. आमच्या गल्लीतून कोणी बोलत गेलं तरी सानूला कळत नाही, पण त्या दिवशी दर्ग्याच्या रस्त्यानं निघालेली एवढी गप्प माणसं पाहून तिनं विचारलं, "आवाज आहे का?" म्हटलं, नाही. फक्त पावलांचा. ती आता मोठी झाली आहे, स्वतः टाइप करते, तिच्यासारख्याच ऐकू न येणाऱ्या मैत्रिणींच्या घरचे व्हिडिओ त्यांच्या भावंडांना ऐकायला बसवून लिहून घेते. तरी पुढचा शुक्रवार आला तेव्हा संध्याकाळपर्यंत ती दाराशी बसून होती. भाकर मी थापली होती. का थापली, ते विचारू नका.

दुकान त्यांच्या मुलानं आवरलं. तो अकोल्याला असतो, त्याचा धंदा वेगळा.

मग या उन्हाळ्यात शेजारच्यांनी ह्यांच्या मोबाईलवर एक तुकडा पाठवला. मागच्या वर्षी झालेल्या त्यांच्या मुलाच्या लग्नातला, जेवणाच्या मांडवातला. जेमतेम मिनिटभराचा. त्यात चाचा होते.

ह्यांनी तो आधी एकट्यानं पाहिला. मग कोणी काही न सांगता लॅपटॉप उघडला आणि हेडफोन लावून लिहायला बसले. आमचे हे! ज्यांना साधा विनोद पोरीला सांगायचा कंटाळा, ते दुपारभर बसले. मागे नेत होते, थांबवत होते, पुन्हा ऐकत होते. मध्ये मला हाक मारली, मग आईला. तिघं जण एकच हेडफोन फिरवत होतो. सासूबाई म्हणाल्या, "बँडच वाजून राह्यला, बाकी काई आयकू येत नाई." संध्याकाळी ह्यांनी तो टीव्हीवर लावला.

हातात ताट घेतलेले, बिनमिशांचे चाचा. खाली ओळी येऊ लागल्या.

"खाली धर कॅमेरा. माह्या नाकात काय पाहून राह्यला?"

"चाचा, नवरा-नवरीला दोन शब्द सांगा."

"दोनच? नवरदेवा, बायको बोलली की टीव्हीचा आवाज कमी करत जाय. वांग्याची भाजी घ्या रे पटपट, संपून राह्यली."

(बँड मांडवात येतो.)

चाचा जायला निघाले होते, ते परत वळले. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले आणि काहीतरी बोलले, सावकाश. मग हात हलवून गर्दीत शिरले. त्या जागी ह्यांनी लिहिलं होतं, (चाचा काय म्हणाले ते बँडमुळे ऐकू आलं नाही.)

सानूनं ते वाचलं. वळून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्हालाही नाही?"

"नाही गं," मी म्हटलं. "आम्हालाही नाही."

ती उठली. टीव्हीच्या इतकी जवळ जाऊन बसली की चाचांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. रिमोटनं मागे नेलं. पुन्हा मागे नेलं. तिचे ओठ हलत होते. सासूबाईंनी माझा हात पकडला होता.

मग ती आमच्याकडे वळली आणि सांगू लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे आम्हाला समजावं.

"म्हणाले, तोंडावर धर. तोंडावर धर रे कॅमेरा. हे आमची सानू पाहीन. तिले दिसलं पाह्यजे."

हे चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. सानूनं त्यांच्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला, कंसातली ओळ पुसली आणि तिथं चाचांचं बोलणं लिहिलं, ते बोलले होते तसंच. मग तिनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला, आणि आम्ही सगळे खालच्या ओळी वाचत बसलो.